दुकानाच्या दारावरचा अंगठा : घेताना काय पाहावे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सराफ्यातल्या पेढ्यांपासून सांवेर रोडच्या कारखान्यांपर्यंत इंदुरात आता अंगठ्याचे किंवा चेहऱ्याचे मशीन सर्रास दिसते. बहुतेक जण ते हजेरीसाठी घेतात. पुढे कुणीतरी सुचवतो की याच मशीनला कुलूपही जोडता येते. दोन तारा ओढल्या जातात, दार ‘टक्’ करून उघडू लागते आणि मालक निर्धास्त होतो. आम्ही काही मराठी मंडळी या शहरात अशा यंत्रणा बसवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम करतो. घेणाऱ्याला ज्या गोष्टी आधी सांगायला हव्यात त्या बहुधा कुणीच सांगत नाही, म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

हजेरीच्या मशीनने चूक केली तर कुणाचा तरी अर्धा दिवस कापला जातो, तो तक्रार करतो, चूक दुरुस्त होते. दाराच्या मशीनने चुकीच्या माणसाला आत घेतले तर तक्रार करायला कुणी येत नाही. त्यामुळे दोन्ही कामांसाठी एकच यंत्र वापरले तरी त्याची जोडणी, त्यातल्या सेटिंग आणि त्याची देखभाल वेगळी असावी लागते.

मशीन बोटाचा फोटो जसाच्या तसा ताडून पाहत नाही. बोटावरच्या रेषा जिथे संपतात किंवा जिथे त्यांना फाटे फुटतात, त्या जागा आणि त्यांच्या दिशा ते टिपते आणि त्यांचा आकड्यांचा साचा बनवून ठेवते. त्याला टेम्पलेट म्हणतात. बोटांच्या ठशांचे पद्धतशीर वर्गीकरण आपल्याच देशात उभे राहिले. १८९७ साली कोलकात्यात ठशांचा विभाग सुरू झाला आणि अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोन भारतीयांनी वर्गीकरणाची पद्धत बसवली. आजच्या मशीनला मात्र वर्गीकरणाशी कर्तव्य नसते. नवा ठसा आणि साठवलेला साचा यांत किती साम्य आहे याचे ते गुण काढते आणि गुण ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त भरले की ‘हाच तो’ म्हणते. उत्तर नेहमी अंदाजाचे असते. अंदाज किती काटेकोर हवा हे ती मर्यादा ठरवते.

इथे एक साधा हिशेब ध्यानात ठेवावा. समजा, परक्या माणसाचा ठसा एखाद्या साच्याशी चुकून जुळण्याची शक्यता दहा हजारांत एक आहे. बारा माणसांच्या दुकानात हा आकडा क्षुल्लक आहे. पण ५०० कामगारांच्या कारखान्यात मशीन प्रत्येक बोट ५०० साच्यांशी ताडते, तेव्हा परक्याचे बोट कुणाशी तरी जुळण्याची शक्यता शंभरात जवळजवळ पाचवर जाते. हजेरीसाठी तेवढे चालून जाईल. तांब्याच्या किंवा औषधांच्या गोदामाच्या दारावर चालणार नाही. उपाय सोपा आहे आणि बहुतेक मशीनमध्ये आधीपासून असतो. माणसाने आधी आपला नंबर दाबावा किंवा कार्ड दाखवावे, मग बोट ठेवावे. मग मशीन त्या एकाच माणसाच्या साच्याशी ताडते आणि शक्यता पुन्हा दहा हजारांत एकवर येते. दोन सेकंद जास्त लागतात एवढेच. पिथमपूरच्या मोठ्या कारखान्यांत स्टोअरच्या दाराला तरी ही पद्धत लावावीच. कार्ड घेताना जुन्या १२५ किलोहर्ट्‌झच्या साध्या कार्डांवर भिस्त ठेवू नये, त्यांची नक्कल कुणीही करून देतो. बोटासोबत वापरली तर ठीक, एकटी नकोत.

आता जोडणी. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होते आणि इथेच कुणी पाहत नाही. दाराबाहेर लावलेल्या मशीनच्या पोटात एक छोटा रिले असतो. बोट ओळखले की तो दोन तारा जोडतो किंवा तोडतो आणि कुलूप सुटते. स्वस्त कामात कुलपाच्या तारा थेट या रिलेवर आणलेल्या असतात. म्हणजे बाहेरचे मशीन खालचा एक स्क्रू काढून पट्टीवरून उचलले की मागे त्याच तारा हातात येतात. त्या एकमेकींना टेकवल्या किंवा एक तोडली की दार उघडते. बोट लागत नाही, आणि मशीनच्या नोंदीत काही उमटतही नाही. मशीन कितीही महाग असो, त्याची जोडणी अशी असेल तर दाराचे मोल त्या एका स्क्रूइतकेच आहे.

म्हणून बाहेर फक्त वाचक, म्हणजे बोट किंवा कार्ड वाचणारे यंत्र असावे, आणि दार उघडायचे की नाही हा निर्णय आतल्या कंट्रोलरने घ्यावा. कंट्रोलरची पेटी आत, कुलूपबंद, छताजवळ. कुलपाच्या तारा तिथूनच निघाव्यात आणि बाहेरच्या भिंतीत त्यांचा तुकडाही नसावा. बाहेरच्या वाचकाकडून आत येणारी माहिती पूर्वी वीगँड नावाच्या पद्धतीने यायची. ती उघडी असते, तारेवर चिमटा लावून कुणीही ऐकू शकतो आणि नंतर तीच माहिती पुन्हा पाठवू शकतो. नव्या कामात आरएस-४८५ या प्रकारच्या तारजोडणीवरची, माहिती सांकेतिक करून पाठवणारी ओएसडीपी पद्धत मागावी. केबल लोखंडी पाइपातून न्यावी. वाचक भिंतीवरून उचलला तर बोंब मारणारा टॅम्पर स्विच बहुतेक यंत्रांत असतो, पण बसवणारे तो जोडतच नाहीत. पैसे देण्यापूर्वी वाचक पट्टीवरून काढायला लावावा आणि आत भोंगा वाजतो का ते स्वतः ऐकावे.

आतून बाहेर पडण्याचे बटणही तपासून घ्यावे. जाळीच्या दारापाशी किंवा काचेच्या दोन पाटांमध्ये बोटभर फट असेल तिथे हे बटण दारालगत बसवलेले असते, आणि बाहेरून वाकवलेली एक सळई घालून ते दाबता येते. दारापासून हातभर लांब, फटीच्या रेषेबाहेर ते असावे. बिनस्पर्शाच्या बटणाचा पल्लाही कमी करून घ्यावा. काही बटणे फटीतून सरकवलेल्या कागदालाही हात समजतात.

कुलूप म्हणून इथे सर्रास चुंबकी कुलूप लावतात. ६०० पौंडांचे म्हणजे सुमारे २७० किलोचा ताण धरणारे, बारा व्होल्टवर साधारण अर्धा अँपिअर घेणारे. त्याची लोखंडी पट्टी दारावर पक्की आवळली की काम चोख झाले असे सुताराला वाटते. प्रत्यक्षात ती रबरी वॉशरवर किंचित हलती राहायला हवी, म्हणजे चुंबकाच्या तोंडाशी ती आपोआप सपाट बसते. आवळलेली पट्टी एका कडेने केसभर उचललेली राहिली तरी धर खूप कमी होतो आणि दार एका जोरदार धक्क्यात सुटते. चुंबकाचा पृष्ठभाग आणि पट्टी यांवर रंग मारू नये, टेपही चिकटवू नये. आवाज कमी व्हावा म्हणून लोक टेप लावतात, त्याने कुलूप निम्मे होते. कुलपाच्या दोन तारांवर १एन४००७ क्रमांकाचा डायोड उलटा बसवावा, डायोडवरच्या पट्ट्याची बाजू धन तारेकडे. किंमत अगदी किरकोळ. कुलूप सुटताना उलटा उसळणारा दाब तो गिळतो. तो नसला की काही महिन्यांत रिलेचे टोक जळून चिकटते आणि मग दार एक तर उघडेच राहते किंवा बंदच.

वीज गेली की चुंबकी कुलूप सुटते. आग लागली तर माणसांना बाहेर पडता यावे म्हणून ते तसेच असले पाहिजे, आणि बाहेर पडण्याच्या दाराला दुसरे काही लावू नये. पण आपल्या जुन्या बाजारात, बर्तन बाजार असो की मारोठिया, विजेचे मीटर जिन्याखाली नाहीतर ओट्यावर उघडे असतात. कुणीही खटका पाडू शकतो. म्हणून बॅटरी आत हवी. नेहमीची बारा व्होल्ट, सात अँपिअर-तासांची बॅटरी घेतली आणि कुलूप, कंट्रोलर, वाचक मिळून एक अँपिअर खात असतील तर कागदावर सात तास निघतात. नवी असताना चार-पाच धरावेत. दोन-अडीच वर्षांची जुनी बॅटरी तासाभरातच मान टाकते, आणि हे वीज जाईपर्यंत कळत नाही. महिन्यातून एकदा मुख्य पुरवठा बंद करून घड्याळ लावावे. बॅटरीवर बसवल्याची तारीख मार्करने लिहून ठेवावी. रात्रीच्या बंदोबस्ताला मात्र चुंबकी कुलूप धरूच नये. रात्री शटर आणि त्याचे नेहमीचे कुलूपच. बायोमेट्रिक यंत्रणा दिवसा माणसांची वर्दळ आवरण्यासाठी आणि आतल्या खोल्यांसाठी आहे.

तिजोरीच्या खोलीला उलट प्रकारचे कुलूप हवे, वीज गेली तरी बंदच राहणारे, पण आतून नुसत्या हँडलने उघडणारे. खोलीत कुणी अडकता कामा नये, यात तडजोड नाही.

हातांबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण ‘मशीन बोट घेत नाही’ ही इथली पहिली तक्रार असते. इंदूरच्या धंद्यांत हात झिजतात. सराफ्यातल्या कारीगराच्या बोटांवर तेजाब, टाकणखार आणि पॉलिशचा मारा असतो, रेषा जवळजवळ सपाट होतात. सेव-नमकीनच्या कारखान्यात तेल, मीठ आणि तिखट. सांवेर रोडला ग्रीस आणि कूलंट. सियागंजमधल्या हमालांच्या हातांना पोत्यांनी घट्टे पडलेले. माळव्यातल्या डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत बोटे तडकतात. लग्नसराईत मेंदी, आणि रंगपंचमीच्या गेरनंतर, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीनंतर, दोन दिवस तर पक्क्या रंगाचा थर. कारण प्रत्येक ठिकाणी वेगळे, म्हणून उपायही वेगळा.

नोंदणी घाईत करू नये. हात साबणाने धुऊन, पुसून, मिनिटभर थांबून मग बोट ठेवावे. प्रत्येकाची किमान चार बोटे घ्यावीत, दोन्ही हातांची तर्जनी आणि मध्यमा. एक बोट कापले, भाजले, तर दुसरे असते. अंगठा घेण्याची आपल्याकडे रीतच पडली आहे, पण हाताने काम करणाऱ्यांचा अंगठाच आधी झिजतो. बोटाचे टोक ठेवू नये. नखाच्या बुंध्यामागचा फुगीर भाग काचेवर सपाट टेकला पाहिजे, कारण रेषांचा गाभा तिथे असतो. यंत्र ठशाची गुणवत्ता दाखवत असेल तर कमी गुणवत्तेची नोंद तशीच पुढे रेटू नये, दुसरे बोट घ्यावे. कोरड्या बोटाला कपाळावर हलकेच टेकवले तरी पुरेसा ओलावा मिळतो. थंडीत मशीनशेजारी पाण्याने ओला केलेला स्पंजही पुरतो. काच रोज मऊ कोरड्या कपड्याने पुसावी. फिनेलचे पोतेरे तिच्यावर फिरले की आवरण जाते आणि मग सगळ्यांचीच बोटे नाकारली जातात.

आता घातक चूक. एका कारीगराचे बोट लागत नाही म्हणून दुरुस्तीला आलेला मुलगा जुळणीची मर्यादा खाली आणतो. त्या क्षणापासून मशीन सगळ्यांशीच ढिलाईने वागू लागते. त्या एका माणसाला कार्ड आणि पिन द्यावे, चेहरा घ्यावा, पण मर्यादेला हात लावू देऊ नये. सेटिंग बदलायचा पासवर्ड दुरुस्तीवाल्याकडे नसावाच. जिथे बहुतेकांचे हात झिजलेले आहेत तिथे बोटांचा हट्ट सोडावा. तळहाताच्या शिरा पाहणारे यंत्र महाग पडते, पण ते त्वचेखालच्या रक्तवाहिन्या अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशात टिपते, त्यामुळे घट्टे, मेंदी, तेल यांचा त्याला फारसा अडथळा होत नाही, आणि खाण्याच्या पदार्थांच्या कारखान्यात काहीही न शिवता काम होते हा वेगळा फायदा. डोळ्याच्या बुबुळाचे यंत्र सर्वांत काटेकोर, पण जाड चष्मे आणि मोतीबिंदू असलेल्या वयस्क मुनिमांची त्याच्यापुढे पंचाईत होते.

चेहऱ्याच्या मशीनला मागणी वाढते आहे आणि वर्दळीच्या दारासाठी ते सोयीचेही आहे. एकच साधा कॅमेरा असलेले स्वस्त मशीन मोबाइलवरचा फोटो पाहूनही उघडू शकते. दिसणारा आणि अवरक्त असे दोन कॅमेरे किंवा चेहऱ्याचा उंचसखलपणा मोजणारा सेन्सर असलेलेच घ्यावे. दुकानदाराने विकत घेण्यापूर्वी स्वतः तीन गोष्टी करून पाहाव्यात : नोंदलेल्या माणसाचा मोबाइलवरचा फोटो, त्याचाच बोलतानाचा व्हिडिओ आणि मोठ्या कागदावर छापलेला रंगीत चेहरा. तिन्हींत एकदाही उघडले तर ते मशीन परत करावे. बसवताना समोरून ऊन येणार नाही हे पाहावे. पश्चिमेकडे तोंड असलेल्या दुकानात दुपारी चारनंतर चेहरा अर्धा उजळ, अर्धा काळा होतो आणि मशीन गोंधळते. उंची साधारण सव्वा ते दीड मीटर, सगळ्यांत बुटक्या आणि सगळ्यांत उंच माणसाला उभे करून ठरवलेली.

खोट्या बोटांचा धोका काल्पनिक नाही. जपानमधल्या त्सुतोमु मात्सुमोतो यांनी २००२ मध्येच जिलेटिनच्या बोटांनी त्या वेळची बाजारातली यंत्रे फसवून दाखवली होती. आपल्याकडे तर नोंदणीखतांवरच्या ठशांवरून सिलिकॉनची बोटे बनवून आधारशी जोडलेल्या खात्यांतून पैसे काढल्याचे गुन्हे अनेक राज्यांत नोंदले गेले. आधार प्राधिकरणाने २०२३ च्या फेब्रुवारीत बोट जिवंत आहे का हे तपासणारी नवी व्यवस्था आणली ती यामुळेच. बोटाचा ठसा गुप्त नसतो. तो चहाच्या ग्लासवर असतो, काचेच्या काउंटरवर असतो, भाडेकरारावर असतो. म्हणून मशीन घेताना बनावट बोट ओळखण्याची चाचणी आयएसओ ३०१०७-३ या मानकाप्रमाणे झाली आहे का, हे विचारावे आणि नुसत्या ‘हो’वर न थांबता अहवाल पाहावा. आणि मौल्यवान खोलीसाठी एकट्या बोटावर कधीच विसंबू नये. बोट आणि पिन, किंवा बोट आणि कार्ड.

सराफ्याचा प्रश्न तर जगावेगळाच आहे. रात्री पेढ्या बंद झाल्या की त्याच ओट्यांवर खाण्याची दुकाने लागतात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत शटरला पाठ लावून माणसे उभी असतात. ओट्यावर लावलेल्या मशीनवर तेलाचे हात, पाण्याचे शिंतोडे आणि भट्टीचा धूर, शिवाय गर्दीत कुणी त्याच्याशी खटपट करत असला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. सराफ्यात वाचक शटरच्या आतच असावा. दुकान उघडल्यावर काउंटरच्या मागच्या दाराला एक आणि तिजोरीच्या खोलीला एक, इतके पुरते.

तिजोरीच्या खोलीसाठी यंत्रांत तीन सोयी असतात, त्या विकत घेतल्या जातात आणि क्वचितच चालू केल्या जातात. पहिली, दोघांनी एकापाठोपाठ बोट लावल्याशिवाय दार न उघडणे. मालक आणि मुनीम, किंवा दोघे भाऊ. यामुळे एकट्या नोकरावर संशयही येत नाही, हे आम्हाला चोरी टळण्याइतकेच महत्त्वाचे वाटते. दुसरी, वेळेची चौकट : सकाळी साडेदहा ते रात्री साडेआठ यांच्या बाहेर कुणाचेही बोट चालू नये, मालकाचेही. तिसरी म्हणजे धाकाचे बोट. कुणी शस्त्र दाखवून दार उघडायला लावले तर नेहमीच्या तर्जनीऐवजी, उदाहरणार्थ, डाव्या हाताची करंगळी लावायची. दार नेहमीसारखेच उघडते, दुकानात काही वाजत नाही, पण घरी आणि सुरक्षा कंपनीकडे मूक इशारा जातो. हा इशारा दुकानातल्या भोंग्याला जोडलेला नाही ना, हे बसवतानाच पाहावे. जोडलेला असेल तर ज्याच्यासाठी सोय केली त्याचाच जीव धोक्यात येतो. दर महिन्याला एकदा सरावही करावा, कारण घाबरलेला माणूस कोणते बोट ते विसरतो. याखेरीज दार उघडे की बंद हे ओळखणारा चुंबकी संपर्क दाराला लावून दार तीस सेकंदांपेक्षा जास्त उघडे राहिले तर सूचना येईल असे करावे. कचऱ्याच्या डब्याची टेकण लावून उघडे ठेवलेल्या दारावर मशीन असले काय, नसले काय.

मशीनच्या आतली शिस्त थोडक्यात सांगतो. अनेक यंत्रे कारखान्यातून येतात तेव्हा त्यांच्यात प्रशासक नोंदलेलाच नसतो, म्हणजे मेनूचे बटण दाबणारा कुणीही नवा माणूस घालू शकतो. पहिल्याच दिवशी दोन प्रशासक नोंदवावेत आणि मूळ पासवर्ड बदलावा. बसवणाऱ्याने चाचणीसाठी स्वतःचे बोट घातलेले असते. ते यादीतून काढल्याशिवाय त्याला सोडू नये. कॅमेऱ्यांचा आणि मशीनचा जोड असेल तर दोघांची घड्याळे एकच वेळ दाखवतात ना, हे पाहावे, नाहीतर पुढे पोलिसांना द्यायची चित्रफीत आणि नोंद जुळत नाहीत. घरून हजेरी पाहता यावी म्हणून राउटरमधून मशीनला थेट इंटरनेटवर उघडे करू नये. ते दुकानातल्या वाय-फायपासून वेगळ्या जाळ्यावर असावे.

शेवटी कायदा. कामगार हमखास विचारतात, बोट दिले तर बँकेतले पैसे जातील का? या भीतीला नीट उत्तर द्यायला हवे. दुकानाच्या मशीनचा आधारशी संबंध नसतो आणि नसावा. खासगी कंपन्यांना करारांच्या आधारे आधारची पडताळणी वापरू देणारी तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात रद्द ठरवली. मशीनमध्ये नोंदणी स्वतंत्र होते. ज्याला तरीही धास्ती वाटते त्याला आपले आधारचे बायोमेट्रिक आधारच्या अधिकृत अ‍ॅपवरून बंद करून द्यावे. त्याने दुकानातल्या मशीनला काहीच फरक पडत नाही आणि आधारच्या बोटावर त्याच्या बँकेतून पैसे निघण्याचा रस्ता मात्र बंद राहतो. पाच मिनिटांचे काम आहे, मालकाने पुढाकार घेऊन सगळ्यांचे करवून द्यावे.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये निघालेले त्याचे नियम छोट्या दुकानदारालाही लागू होतात. मुख्य जबाबदाऱ्यांसाठी दीड वर्षाची मुदत आहे, ती तयारीसाठी वापरावी. नोकरीच्या कामापुरती आणि मालकाचे नुकसान टाळण्यापुरती नोकरांची माहिती वापरण्याची मुभा कायद्यात आहे. पण ती सांभाळण्यात हयगय होऊन माहिती फुटली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. बाहेरून येणारे, म्हणजे कंत्राटदार, व्यापारी, पाहुणे यांचा चेहरा नोंदवायचा तर त्यांची संमती घ्यावी लागेल, आणि संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत मागण्याचा हक्क त्यांना आहे. इंदुरात ती हिंदीत आणि मराठीत तयार ठेवावी.

पासवर्ड फुटला तर बदलता येतो, बोट बदलता येत नाही. अमेरिकेच्या सरकारी कर्मचारी विभागातून २०१५ मध्ये ५६ लाख लोकांचे ठसे चोरीला गेले. त्या माणसांना आयुष्यभर तेच ठसे घेऊन जगायचे आहे. म्हणून मशीनमध्ये फक्त सांकेतिक साचा असावा, ठशाचे चित्र नसावे. साच्यांची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन गल्ल्यात टाकू नये. नोकरी सोडून जाणाऱ्याचा साचा त्याच्या शेवटच्या दिवशी, हिशेब देतानाच, त्याच्यासमोर काढून टाकावा. बहुतेक मशीनमध्ये वर्षांपूर्वी गेलेल्यांची बोटे अजून चालू असतात. दुरुस्तीला पाठवताना किंवा जुने मशीन एक्स्चेंजमध्ये देताना आधी ते पूर्ण कोरे करावे. भंगारात गेलेल्या मशीनबरोबर आपल्या माणसांचे ठसेही जातात, हे अजून कुणी मनावर घेतलेले दिसत नाही.

आमची बाजारांच्या संघटनांना एक विनंती आहे. एकेकटा दुकानदार विक्रेत्याशी वाद घालू शकत नाही. सराफा, सियागंज, एम. टी. क्लॉथ मार्केट यांच्या संघटनांनी खरेदीच्या आदेशात घालायच्या अटी एकदाच लिहून काढाव्यात आणि सभासदांना वाटाव्यात. निर्णय घेणारा कंट्रोलर आत असेल, टॅम्पर स्विच जोडून दाखवला जाईल, बॅटरीवर किमान चार तास चालवून दाखवले जाईल, बसवणाऱ्याच्या बोटाची नोंद यादीतून पुसली जाईल आणि सगळे पासवर्ड बंद पाकिटात मालकाच्या हाती दिले जातील. हे होईपर्यंत बिलाची शेवटची वीस टक्के रक्कम रोखून ठेवावी. असा मसुदा तयार करायला आम्ही विनामूल्य बसू.

आपले नम्र,
दार-नियंत्रण व सुरक्षा यंत्रणांचे काम करणारे काही मराठी तंत्रज्ञ,
इंदूर